शेवटची पायरी आधी

चड्डी घालायला किती पायऱ्या लागतात? विशेष शिक्षकाच्या पदविकेला नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला की वर्गात आधी हसू फुटते. कोणी एक म्हणते, कोणी तीन. मग फळ्यावर लिहायला घेतात. चड्डी हातात घेणे. पुढची बाजू कोणती ते ओळखणे. इलॅस्टिकची पट्टी दोन बाजूंना दोन हातांनी धरणे. खाली बसणे. उजवा पाय घालणे आणि तो पलीकडून बाहेर येईपर्यंत ढकलणे. मग डावा पाय, पण उजव्याच्या भोकातून नव्हे, त्याच्या स्वतःच्या. गुडघ्यापर्यंत ओढणे. हातातली पट्टी न सोडता उभे राहणे. कमरेपर्यंत ओढणे. मागची बाजू नीट वर घेणे. दहा झाल्या. ज्या मुलाला तोल सांभाळता येत नाही त्याच्यासाठी नुसत्या ‘उभे राहणे’ या पायरीचेच तीन तुकडे करावे लागतात.

या उद्योगाला विशेष शिक्षणात कार्यविश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, काम साधे आहे. आपल्याला जी गोष्ट विचार न करता येते ती आपण कशी करतो हे पुन्हा शोधून काढायचे. नव्या शिक्षकाला पहिला धक्का इथे बसतो. त्याला वाटत असते की आता मुलांविषयी काहीतरी शिकायला मिळेल, आणि पहिले पंधरा दिवस तो स्वतःच्याच हातापायांकडे पाहत बसतो.

दुसरा धक्का त्यानंतरचा. पायऱ्या लिहून झाल्यावर शिकवायला कुठून सुरुवात करायची? सगळे पहिलीवर बोट ठेवतात. अनुभवी शिक्षिका शेवटचीवर ठेवते. पहिल्या नऊ पायऱ्या ती स्वतः मुलाच्या अंगावर करते, चड्डी ढुंगणापर्यंत आणून ठेवते, मुलाचे दोन्ही हात पट्टीवर ठेवते आणि म्हणते, ‘ओढ.’ मूल ओढते. झाले! त्या मुलाच्या लेखी चड्डी त्याने घातली. काही दिवसांनी शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्याकडे, मग तीन. याला उलटी साखळी म्हणतात. पहिल्या पायरीपासून शिकवले तर मूल एक काम करते आणि उरलेली नऊ दुसऱ्याचे हात उरकतात. रोज त्याचा वाटा अर्धवट सुटतो. उलट्या साखळीत रोज शेवट त्याच्या हातून होतो. आमच्याकडची एखादी आई मुलीला तांदळाची भाकरी शिकवताना पहिल्याच दिवशी उकड काढायला बसवत नाही, आधी फुगलेली भाकरी तव्यावरून उतरवायला सांगते. तिने हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नसते.

कोकणातल्या पेणमध्ये तर कामाचे तुकडे पाडण्याची कला गावाच्या हाडात आहे. गणपतीच्या कारखान्यात एक माणूस मूर्ती साच्यातून काढतो, दुसरा सांधे बुजवतो, तिसरा घासकाम करतो. मग अस्तराचा पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती फक्त मुरलेल्या हाताने करायची. हमरापूर, जोहे या बाजूच्या गावांत घराघरांत हे चालते. कारखान्यात नव्याने आलेल्या पोराला कोणी आखणीचा ब्रश देत नाही. पॉलिश पेपर देतात. त्याच्या हाताला जमेल एवढा कामाचा तुकडा त्याला मिळतो आणि तेवढ्यावर तो कारखान्याचा माणूस होतो. या गावात सुहित जीवन ट्रस्टची सुमंगल ही शाळा आणि आई डे केअर ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करतात. पेणला अशी शाळा असणे मला फार सयुक्तिक वाटते, त्याचे एक कारण हे कारखाने.

तुकडे पाडून शिकवायची ही पद्धत आली कुठून, ते थोडक्यात सांगायला हवे, कारण तिच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा कोकणाच्याच किनाऱ्यावर आहे. १८०० साली फ्रान्सच्या आव्हेरों भागात जंगलात राहिलेला एक मुलगा सापडला. बोलत नव्हता, कपडे अंगावर ठेवत नव्हता. पॅरिसमधल्या बहिऱ्या मुलांच्या संस्थेतला झाँ इतार हा तरुण डॉक्टर त्याला शिकवायला बसला. मोठमोठ्या डॉक्टरांनी हा मुलगा शिकण्यापलीकडचा आहे असे ठरवले होते. इतारने त्याचे नाव व्हिक्तोर ठेवले आणि जवळजवळ पाच वर्षे त्याच्यावर मेहनत घेतली. व्हिक्तोर बोलायला शिकला नाही. अक्षरे जुळवून काही शब्द लावू लागला, सांभाळणाऱ्या बाईवर माया करू लागला, आणि इतारला वाटले आपण हरलो. त्याचा शिष्य एदुआर सेगाँ याला तसे वाटले नाही. त्याने गुरूची साधने सुधारली, पुढे अमेरिकेत जाऊन शाळा उभ्या करायला मदत केली. सेगाँच्या नावाचा लाकडी फळा आजही वापरात आहे. त्यात दहा आकारांचे खाचे असतात आणि मुलाने ठोकळे आपापल्या खाच्यात बसवायचे असतात. आपल्याकडे मुलाची बौद्धिक चाचणी घ्यायला नेले तर मानसशास्त्रज्ञाच्या टेबलावर हा फळा हमखास दिसतो.

सेगाँची पुस्तके रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी वाचली. १९०० च्या सुमारास त्या ‘मंदबुद्धी’ म्हणून वेगळ्या काढलेल्या मुलांना शिकवत होत्या. त्यांच्यातली काही मुले सामान्य शाळेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी माँटेसरींची वाहवा केली. त्या मात्र विचारात पडल्या की मग सामान्य शाळांतली धडधाकट मुले एवढीच का शिकतात? १९०७ साली त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले ते या प्रश्नातून. पुढे ती पद्धत ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे आणली आणि लवकरच त्यांच्या ध्यानात आले की इटलीची महागडी साधने आपल्या खेड्यात परवडणारी नाहीत. बोर्डीला १९४५ साली आणि नंतर कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, दगड, पाने यांची साधने केली, अंगणात वाडी भरवली. तेव्हा आज पेण-रोह्याच्या कुठल्याही अंगणवाडीत चढत्या क्रमाने रचायचे ठोकळे दिसले तर ध्यानात ठेवा, ते मुळात ‘शिकू न शकणाऱ्या’ मुलांसाठी तयार झालेले आहेत. सामान्य शाळेने ते त्यांच्याकडून उसने घेतले. फेडीचा विषय मात्र क्वचितच निघतो.

आता शिक्षक होण्याची वाट. भारतात विशेष शिक्षकाचे प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद वैधानिक झाली. पदविका दोन वर्षांची आणि विशेष बी. एड.ही दोन वर्षांचे. सगळ्या मुलांसाठी एकच अभ्यासक्रम नसतो. दृष्टी, श्रवण, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता असे वेगळे रस्ते आहेत. अभ्यास पुरा झाला की परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागते आणि क्रमांक मिळतो. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाची रक्कम वाचून आज हसू येते, पण तरतूद आहे. नव्या पालकांना माझे सांगणे असे की ‘थेरपी सेंटर’ची पाटी पाहिली की फी विचारण्याआधी हा क्रमांक विचारा.

महाराष्ट्रात या कामाचा वारसा जुना आहे. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून चालते. वकील दांपत्याने ती काढली. पुण्यातली कामायनी १९६४ ची. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली आणि मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांची बुद्धी त्यांच्या हातापायांवरून जोखायची नसते हे मुंबईला दाखवून दिले. ही नावे शहरांची आहेत. तालुक्याच्या गावात विशेष शाळा उभी राहायला पुढची काही दशके जावी लागली.

पदविकेत पुस्तके भरपूर असतात. शरीरशास्त्र, मानसशास्त्र, कायदे. पण शिक्षक घडतो तो मुलाच्या समोर बसून त्याची पहिली नोंद घेताना. आपल्याकडच्या विशेष शाळांत वर्षानुवर्षे वापरलेले एक साधन मद्रासमध्ये तयार झालेले आहे. त्यात अठरा क्षेत्रे आणि प्रत्येकात वीस कामे, एकूण ३६०. चालणे-धावणे, बोटांची कामे, जेवण, कपडे, आंघोळ-दात घासणे, शौच, ऐकून समजणे, बोलणे, लोकांत वागणे, वाचन, लेखन, आकडे, वेळ, पैसा, घरकाम, गावात वावरणे, करमणूक आणि धंद्याची पूर्वतयारी. प्रत्येक क्षेत्रात सोप्याकडून अवघडाकडे कामे लावलेली. शिक्षकाने पालकांना विचारून आणि स्वतः पाहून लिहायचे की मूल यातले काय करते.

इथे नवशिक्यांची गंमत होते. ते लिहितात, ‘मुलगा हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘खूप प्रेमळ आहे’. मार्गदर्शक शिक्षिका हे सगळे लाल पेनाने खोडते. हट्टी म्हणजे काय केले? किती वेळा? त्याच्या आधी काय झाले होते? ‘गोष्ट सांगताना जागेवरून उठला, दहा मिनिटांत चार वेळा, चारही वेळा बाहेरून गाडी गेल्यावर’ असे लिहिले की ती नोंद. आणि ती नोंद झाली की इलाजही दिसतो: खिडकीजवळची जागा बदला. मराठीत विशेषणे फार स्वस्त आहेत. विशेष शिक्षकाला ती महाग करून घ्यावी लागतात.

त्या नोंदीवरून प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा होतो. त्यातले उद्दिष्ट कसे लिहायचे यावर सगळा कस लागतो. ‘गणेश पाणी मागायला शिकेल’ हे उद्दिष्ट नव्हे, इच्छा झाली. ‘जेवताना भरलेला तांब्या समोर, हात पोचणार नाही एवढा लांब ठेवला असता गणेश पाच वेळांपैकी चार वेळा बोट दाखवून पाणी मागेल, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत’ हे उद्दिष्ट. यात तांब्या कुठे आहे हेसुद्धा आले. दिवाळीनंतर कोणीही परके माणूस येऊन तपासू शकते की जमले की नाही. गणेश हे नाव उदाहरणापुरते. पेणमध्ये दुसरे कुठले सुचणार?

मग मदतीचा प्रश्न. मूल अडले की हात धरून करवून घेता येते, करून दाखवता येते, खुणेने सुचवता येते किंवा तोंडाने सांगता येते. सगळ्यांना वाटते तोंडी सांगणे ही सर्वांत हलकी मदत. प्रत्यक्षात ती काढून घेणे सर्वांत अवघड जाते. हात सोडता येतो, बोलणे सुटत नाही. ‘हं, आता बटण, हं, आता दुसरे, शाब्बास, आता…’ असे बोलत राहिले की मूल बटणे लावायला शिकत नाही, ‘हं’ म्हटल्यावर हात हलवायला शिकते. शाळेत ‘हं’ म्हणणारी बाई असते, घरी नसते. म्हणून प्रशिक्षणार्थीला गप्प बसायला शिकवतात. सूचना एकदा द्यायची आणि मनात दहापर्यंत मोजायचे. बोलक्या माणसाला हे दहा आकडे युगासारखे लांब वाटतात, पण कित्येक मुलांचा हात सातव्या-आठव्या आकड्याला हलतो. आपण तिसऱ्यालाच पुन्हा सांगतो आणि त्याचा जुळत आलेला विचार मोडतो.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत तर शब्दांपेक्षा चित्रे कामाची. दिवसभरात काय काय होणार याची चित्रे भिंतीवर ओळीने लावायची: प्रार्थना, पाटी, डबा, हात धुणे, माती, घर. झालेले चित्र मुलाने काढून डब्यात टाकायचे. आता पुढे काय या भीतीतून जे ओरडणे येते ते यामुळे बरेच उतरते. गणपतीच्या दिवसांत याची खरी परीक्षा. ज्या पेणमधून गाड्या भरभरून गणपती जातात तिथे ढोल-ताशा, फटाके, ट्रकचे भोंगे यांपासून सुटका कुठे? जाणत्या शिक्षिका ऑगस्ट उजाडण्याआधीच तयारी करतात. आधी ढोलाचे चित्र, मग मोबाइलवर बारीक आवाज, मग दारात उभे राहून लांबून. मिरवणूक मुलासाठी थांबत नाही, तेव्हा मुलालाच थोडे थोडे करून मिरवणुकीपाशी न्यावे लागते, आणि मध्येच घरी परतायची मोकळीक ठेवावी लागते.

शाळेत शिकलेले शाळेतच राहते, ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी डोकेदुखी. मूल वर्गात प्लास्टिकची नाणी बरोबर मोजते आणि दुकानात गोंधळते. कारण त्याने नाणी शिकलेली नसतात, प्लास्टिकच्या लाल-निळ्या चकत्या शिकलेल्या असतात. म्हणून खरे पैसे, खरे दुकान. रोह्याच्या बाजारात शिक्षिकेसोबत गेलेल्या मुलाला सुटे पैसे मोजता आलेच पाहिजेत असे नाही. त्याला एक युक्ती देतात: दुकानदार जो आकडा सांगेल त्याच्या पुढच्या दहापर्यंत दहा-दहाच्या नोटा द्यायच्या. सदतीस रुपये म्हटले की चार नोटा. उरलेले परत घ्यायचे. एवढ्यावर माणूस आयुष्यभर खरेदी करू शकतो. गणिताचा तास म्हणून हे कोणाला कमी वाटेल; मला नाही वाटत. एसटीचेही तसेच. रोहा स्थानकावरच्या फलकावरचे सगळे वाचता आले नाही तरी ‘पेण’ ही दोन अक्षरे आपल्या गाडीवर ओळखता आली, पास दाखवता आला आणि उतरायच्या आधीची खूण, मग ती नदीवरचा पूल असो की एखादे देऊळ, पाठ असली की प्रवास एकट्याने होतो. अर्थात त्या आधी शिक्षिकेने त्याच गाडीने वीस वेळा त्याच्या शेजारी, मग मागच्या बाकावर, मग गाडीच्या दुसऱ्या टोकाला बसून प्रवास केलेला असतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक धडा असतो, तो पुस्तकात शेवटच्या पानांवर असतो आणि प्रत्यक्षात पालक दबक्या आवाजात तोच आधी विचारतात. पाळी आली की काय करायचे? हेही कार्यविश्लेषणच. चड्डीच्या आतल्या बाजूला पॅडच्या आकाराची रेघ शिवून ठेवायची, म्हणजे पॅड कुठे चिकटवायचे ते दिसते. पाळी नसतानाच सराव करायचा. वापरलेले कागदात गुंडाळून कुठल्या डब्यात, हात कसे धुवायचे, आणि हे बाहेर कोणाशी बोलायचे, कोणाशी नाही. मुलीची शाळा पाळीनंतर बंद करण्याचा विचार कित्येक घरांत याच एका अडचणीमुळे येतो. हे शिकवता येते, हे कळले की तो विचार मागे पडतो.

इथवर विशेष शाळेची गोष्ट झाली. पण पेण आणि रोहा तालुक्यांतली बहुसंख्य मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात, आणि ज्यांना शिकायला वेगळी मदत लागते तीही त्यातच बसलेली असतात. इथे शिक्षकाला आधी दुसरेच काही शिकावे लागते: कोणाला अडचण आहे आणि कोणाला नाही.

खाडीकडच्या गावांत आगरी घरातले मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘काळा’ला ‘काला’ म्हणते, तसेच लिहिते. ती त्याची भाषा आहे. तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ची जागा ‘न’ आणि ‘ल’ने घेतलेली आहे, नियमाने, चुकून नव्हे. डोंगराकडच्या वाडीतले कातकरी मूल घरी कातकरी बोलते, शाळेत आल्यावर पहिल्यांदा पुस्तकी मराठी ऐकते, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. घरची भाषा पुस्तकी मराठी नसलेल्या या मुलाला मराठी प्रश्न विचारून ‘मंद’ ठरवणे हा मोठा अन्याय आहे, आणि तो सद्हेतूने होतो म्हणून पकडायला अवघड. साधी कसोटी अशी: मूल घरच्या भाषेत, त्याच्या वयाच्या इतर मुलांसारखे बोलते का, खेळात डाव समजते का, बाजारातून सांगितलेली वस्तू आणते का? आणत असेल तर अडचण शाळेच्या भाषेची आहे.

उलट बाजूची चूकही होते. बोलण्यात चलाख, गणिताच्या तोंडी प्रश्नांत पुढे, पण वाचायला उभे केले की घाम फुटतो अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून सोडून दिले जाते. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि वाचनाच्या या अडचणीचे नाव घराघरांत पोचले. त्यानंतर काही वर्षे प्रत्येक न वाचणाऱ्या मुलाला तेच नाव मिळू लागले, हा सिनेमाचा दोष नव्हे. मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी दिसते. आपली लिपी उच्चाराला बरीच इमानी आहे, त्यामुळे मूल शेवटी अक्षर लावतेच, फक्त फार हळू लावते. अडखळते कुठे ते पाहा: ध-घ, भ-म, थ-य, ब-व या जोड्या, ‘ख’ला ‘रव’ वाचणे, ‘सूर्य’, ‘सुऱ्या’, ‘क्रम’, ‘ट्रक’ यांत वेश बदलून आलेला र. आणि ऱ्हस्व वेलांटी. ती उच्चारात व्यंजनानंतर येते आणि कागदावर व्यंजनाच्या आधी बसते. ‘दिवा’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, तोंडाला आधी द. तुम्हाआम्हाला हे कधी जाणवलेही नाही. ज्याला जमत नाही त्याला रोज जाणवते. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठीत कसाबसा तरलेला मुलगा तिथे बुडतो. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षे पुरी होण्याआधी देत नाहीत, कारण त्याआधीचे अडखळणे पुष्कळांचे असते. पण मदत द्यायला प्रमाणपत्र लागत नाही. मोठी अक्षरे, ओळीखाली धरायची पट्टी, वाचून दाखवलेला प्रश्न आणि तोंडी घेतलेले उत्तर, यातले काहीही उद्यापासून करता येते.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सामान्य शाळांसाठीही विशेष शिक्षकाचे प्रमाण सांगितले: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, माध्यमिकला पंधरांमागे एक. आता हे प्रमाण सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांना लावून पाहा. एका शाळेत असे मूल एक, पुढच्या शाळेत दोन, त्या पुढची शाळा ओढ्यापलीकडे. दहा मुले जमवायची तर शिक्षकाने दहा गावे फिरायची. समग्र शिक्षा अभियानातले फिरते शिक्षक तेच करतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून निघायचे, दुचाकीवर साधनांची पिशवी, पावसात तिच्यावर प्लास्टिक. जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्याच्या घरी जाऊन शिकवायचे. महिन्यातून काही तास मिळणाऱ्या या शिक्षकाने मुलाला शिकवण्यापेक्षा त्याच्या आईला, आजीला आणि वर्गशिक्षकाला शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो गेल्यावर उरलेले सगळे दिवस तेच तिथे असतात.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय अलिबागला. रोह्याच्या आतल्या वाडीतून निघालेल्या आईला त्यात पूर्ण दिवस आणि दिवसाची मजुरी जाते; तपासणी एका फेरीत आटोपली नाही तर पुन्हा. शिक्षकाच्या प्रशिक्षणात कागदपत्रांचे प्रकरण कंटाळवाणे म्हणून सगळे झोपतात, पण गावात त्याची किंमत याच प्रकरणावरून ठरते. वैश्विक ओळखपत्र, शिष्यवृत्ती, एसटीची सवलत, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक: प्रत्येकाला कुठला कागद आधी लागतो हे ज्याला तोंडपाठ आहे त्याच्याकडे पालक विश्वासाने मूल सोडतात.

जुन्या पाट्यांवर अजून ‘मतिमंद’ दिसते. आता बौद्धिक अक्षमता म्हणायचे, दिव्यांग म्हणायचे. शब्द बदलावेत, जरूर बदलावेत. पण आजी नातवाला ‘आमचा भोळा’ म्हणते तेव्हा तिला सरकारी शब्द शिकवायला जाऊ नये. भोळ्याला ती रोज स्वतःच्या हाताने भरवते, हे मात्र तिला थांबवायला सांगावे लागते, आणि ते नव्या शिक्षिकेला सर्वांत जड जाते. पंचविशीतल्या मुलीने सत्तरीच्या बाईला सांगायचे की आजी, चमचा त्याच्या हातात द्या, सांडू दे.

शिक्षिका एवढी घाई का करते, त्याचे कारण शेवटच्या पायरीत आहे. आराखडाही उलट्या साखळीनेच लिहावा लागतो: हा मुलगा शाळा सोडेल त्या दिवशी त्याला काय यायला हवे, तिथून मागे मोजत आजपर्यंत यायचे. पॉलिश पेपर धरता येईल का, पोहे-पापडाच्या पाकिटावर चिकटपट्टी लावता येईल का, दिवसभर चार माणसांत बसता येईल का, कोणी छेडले तर घरी सांगता येईल का. कायद्यातले मोफत शिक्षण अठराव्या वर्षी संपते. त्याच वर्षी आईबाप कायद्याने त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाचा आराखडा लिहायला बसलेल्या शिक्षिकेच्या हातात सहा वर्षे असतात, आणि त्यातून पावसाळे, गणपती, आजारपणे आणि मे महिने वजा जातात.